लहान दिवस आणि उन्हाचं वाटप

आजचा विषय आपल्याकडच्या माणसाला जरा परका वाटेल. हिवाळ्यातला लहान दिवस आणि अपुरं ऊन यांच्याशी माणसांनी कसं जमवून घेतलं, याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. आपण ऊन चुकवणारी माणसं. सावली दिसली की तिकडे वळायचं, ही आपली सवय. उन्हाची वानवा ही काय चीज असते, ते आपल्याला सहसा कळत नाही.

म्हणून आधी थोडा हिशेब करू. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणजे २१-२२ डिसेंबरचा, साधारण अकरा तासांचा असतो. जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. फरक काय तो सव्वादोन तासांचा. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असं आपण म्हणतो. इतक्या लहान फरकाला तीळ हेच माप योग्य आहे. आता उत्तरेकडे चला. लंडनचा सगळ्यात लहान दिवस आठ तासांहून थोडा कमी. ग्लासगोचा सात, ऑस्लोचा सहा, आइसलँडमधल्या रेकयाविकचा जेमतेम चार. आणि नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं शहर आहे, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी दोन-चार तास निळसर उजेड राहतो, बस्स. आपल्या भाषेत कातरवेळ असा शब्द आहे. त्या वेळी जीव उगाचच हुरहुरतो, म्हणून ती कातरवेळ. आपल्याकडे ती अर्ध्या तासात सरते. तिथे हिवाळ्यात दिवस म्हणून जे काही मिळतं, ते कातरवेळच.

हा विषय आज घ्यायचं कारण असं, की आता तो परका राहिलेला नाही. आमच्या वयाच्या श्रोत्यांपैकी कित्येकांची मुलं, नातवंडं लंडनला, टोरांटोला, स्टॉकहोमला आहेत. डिसेंबरात फोनवर ती सांगतात, चार वाजता अंधार पडतो, कशात मन लागत नाही, सकाळी उठवत नाही. आणि आपण इकडून काय सांगतो? ‘होईल सवय. मन खंबीर ठेव.’ प्रेमानेच सांगतो. पण बघा, या उत्तरात एक तात्त्विक निवाडा लपलेला आहे. दिवस लहान असणं ही निसर्गाची करणी, निसर्गात दोष कोणाचा नाही आणि ज्यात दोष कोणाचा नाही ते सोसायचं, न सोसलं तर कमीपणा सोसणाऱ्याचा. हा निवाडा बरोबर आहे का, ते आज इतिहासाच्या आधारे तपासू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दिवस लहान असणं ही निसर्गाची गोष्ट आहे, पण माणसाला अंधारात राहावं लागणं ही पुष्कळदा समाजाची गोष्ट असते.

मराठी माणसाने या विषयाला हात घातला की टिळकांचं नाव येणारच. १९०३ साली टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदकालीन आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं, असा त्यांचा सिद्धांत. आजचे संशोधक तो मानत नाहीत, आणि त्या वादात आपल्याला आज शिरायचं नाही. पण त्या ग्रंथाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र मोलाचा आहे. आपल्याकडे पहाट रोज होते आणि घटका-दोन घटकांत संपते. मग ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत तिच्या येण्याविषयी एवढी आतुरता, तिच्या लांबण्याविषयी एवढी काळजी का, असं टिळकांनी विचारलं. अकरा तासांच्या दिवसाच्या गावात बसून त्यांनी महिनोन् महिन्यांच्या रात्रीची कल्पना केली. आपण त्यांचं उत्तर बाजूला ठेवू आणि प्रश्न पुढे नेऊ: पहाट जिथे खरोखरच लांबते, तिथली माणसं प्रत्यक्षात कशी जगली?

आइसलँडचं उदाहरण घेऊ. जुन्या आइसलँडमध्ये गावं अशी नव्हतीच, विखुरलेली शेतघरं होती. घराच्या भिंती दगड-मातीच्या, वर हिरवळीचे थर. आत बाद्स्तोवा नावाची एक लांब खोली. घरची माणसं आणि गडीमाणसं तिथेच झोपत, तिथेच काम करत. लाकूड दुर्मीळ आणि दिव्याचं तेल महाग. ते माशांच्या यकृताचं नाही तर सीलच्या चरबीचं. म्हणून एक रीत पडली होती. हिवाळ्यात दिवस कलला, की दिवा लगेच लावायचा नाही. सगळ्यांनी संधिप्रकाशात थोडी झोप काढायची. या झोपेला त्यांच्या भाषेत वेगळं नाव आहे, आणि त्याचा अर्थच ‘सांजेची झोप’. आपल्याकडे तिन्हीसांजेला झोपलं तर आजी ओरडते! तिथे मात्र ती काटकसर होती. मग उठून दिवा लावायचा आणि सुरू व्हायची क्वोल्डवाका, म्हणजे संध्याकाळची जागरणबैठक. लोकर पिंजणं, सूत कातणं, विणणं, दोर वळणं चालू, आणि एक जण दिव्यापाशी बसून जुन्या सागांपैकी एखादी मोठ्याने वाचतो किंवा रीमूर नावाची कथाकाव्यं सुरात म्हणतो. दिवा एक, वाचणारा एक, ऐकणारं सगळं घर. लिहिता-वाचता येण्याची आणि जुनं वाङ्मय टिकण्याची परंपरा त्या देशात एवढी मजबूत राहिली, त्यात या बैठकांचा वाटा मोठा आहे.

आता याचं फार गोड चित्र रंगवू नये. त्या घरांत उपासमार होती, धूर होता, बालमृत्यू होते. गडीमाणसांना लोकरीचं ठरलेलं काम पुरं करावं लागे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कामाचं रूप उजेडाप्रमाणे बदलत असे. उन्हाळ्यात रात्र नसतेच, तेव्हा गवत कापायला माणसं वेळ बघत नसत. हिवाळ्यात घरातलं काम, जास्त झोप आणि एकत्र बसणं. जुन्या आइसलँडी पंचांगात ऋतू दोनच, हिवाळा आणि उन्हाळा, आणि माणसाचं वय मोजायचं ते हिवाळ्यांत. उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलात येतो. तेव्हा बाहेर बर्फही पडत असेल, पण त्या दिवशी अजूनही सार्वजनिक सुट्टी असते. अंधार मोठा होता, पण त्याला पंचांगात जागा होती, घरात जागा होती.

ही जागा कुठे हरवली? त्यासाठी इंग्लंडच्या कारखान्यात जावं लागेल. १८०५च्या सुमारास मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये फिलिप्स आणि ली यांच्या कापूस गिरणीत गॅसचे दिवे लागले. विल्यम मर्डॉक या अभियंत्याचं ते काम. आपण शाळेत हे प्रगतीचा टप्पा म्हणून शिकलो, आणि तो आहेही. पण त्या दिव्याने दुसरंही एक केलं. हिवाळ्याचा कामाचा दिवस उन्हाळ्याच्या दिवसाइतकाच लांब झाला. बाहेर सूर्य आठ तास असो की सोळा, आत पाळी तेवढीच. कामगार उजाडण्यापूर्वी आत जाई आणि मावळल्यावर बाहेर पडे. दिवस लहान होता तो निसर्गामुळे. पण ते आठ तासही त्याच्या वाट्याला आले नाहीत, ते घड्याळामुळे.

आणि घरी तरी काय होतं? इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. घराला खिडक्या जितक्या जास्त, तितका कर जास्त. घरमालकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. बांधतानाच कमी ठेवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या जुन्या इंग्रजी घरांवर आजही दिसतात. त्यात अरुंद गल्ल्या आणि वर कोळशाच्या धुराचं छप्पर. या सगळ्याचा हिशेब मुलांच्या हाडांत निघाला. मुडदूस म्हणतो आपण त्या रोगाला. पाय वाकतात, छातीचा पिंजरा बिघडतो. फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने १६५० साली त्यावर ग्रंथ लिहिला होता, आणि युरोपात त्याला ‘इंग्रजी रोग’ असंच नाव पडलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक शहरांत तो घराघरांत पसरला.

कारण काय? कोणी म्हणे खाणं वाईट, कोणी म्हणे हवा दमट, कोणी म्हणे आया निष्काळजी. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने वेगळा रस्ता धरला. तो जपानात वैद्यकीय मिशनरी म्हणून राहिलेला. तिथे त्याला मुडदूस जवळजवळ दिसला नव्हता. इंग्लंडला परतल्यावर तो जागोजागी दिसला. त्याने देशोदेशींच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवली आणि निष्कर्ष काढला, की या रोगाचं भूगोलाशी नातं उन्हावरून जुळतं. जिथे ऊन पोचतं तिथल्या गरिबांच्या मुलांनाही तो होत नाही. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवलं आणि हाडं सुधारल्याचं क्ष-किरणांच्या चित्रांत दाखवलं. त्याच सुमारास व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी युद्धानंतरच्या उपाशी मुलांवर काम करून सिद्ध केलं, की कॉडलिव्हर तेल आणि ऊन, दोन्हींनी हा रोग बरा होतो. पुढे ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला.

उलगडा थोडक्यात असा. उन्हातल्या ठराविक अतिनील किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं. ब्रिटनच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो, की ते किरण वातावरणातच जिरून जातात. म्हणजे हिवाळ्याची बेगमी उन्हाळ्यात करावी लागते, जशी आपण पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यात करतो, पापड-कुरडया घालून. गल्लीतल्या मुलाला उन्हाळ्यातही ऊन नव्हतं, म्हणून हिवाळा त्याच्या हाडांवर बेतला. आइसलँडचा माणूस त्याच्याहून कितीतरी उत्तरेला होता, पण मासे आणि यकृताचं तेल हे त्याचं रोजचं खाणं होतं. दोष अक्षांशाकडे जात नाही. तो गल्लीकडे, धुराकडे आणि खिडकीकडे जातो.

उन्हाला औषधाचा मान मिळवून दिला तो मात्र खऱ्याखुऱ्या अंधाऱ्या मुलखातल्या माणसाने. निल्स फिन्सन यांचा जन्म १८६० सालचा, फेरो बेटांवरच्या थोरशाव्हनचा. प्रकृती तरुणपणापासून खालावलेली. कोपनहेगनमध्ये ते ज्या घरात राहत, त्याचं तोंड उत्तरेला होतं, आणि ऊन मिळालं की आपल्याला बरं वाटतं, हे त्यांनी स्वतःवरून ताडलं होतं. १८९६ साली त्यांनी तिथे प्रकाशोपचाराची संस्था काढली. त्वचेच्या क्षयावर ते कार्बनच्या कमानदिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून सोडत. चेहरा विद्रूप करणारा हा रोग. रुग्ण लोकांत जायला धजत नसत. १९०३ साली फिन्सन यांना नोबेल पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. १९०३, म्हणजे टिळकांचा ग्रंथ निघाला तेच वर्ष. एक जण पुण्यात बसून ध्रुवावरच्या उषेचा शोध घेतो, दुसरा कोपनहेगनमध्ये दिव्यातून सूर्य उतरवतो. इतिहासात असे योगायोग भेटतात.

आता ऱ्यूकान. नॉर्वेच्या दक्षिण भागातलं हे गाव एका खोल दरीत आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत डोंगराआडून ऊन खाली पोचत नाही. इथे अक्षांशाचा दोष नाही, वर डोंगरावर चढलं तर ऊन आहे. मग अशा जागी गाव वसवलं कोणी? नॉर्स्क हायड्रो या कंपनीने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, धबधब्यासाठी. पाण्यापासून वीज, विजेच्या कमानीतून हवेतला नायट्रोजन पकडायचा आणि त्याचं खत करायचं, ही साम आयडे आणि क्रिस्तियान बिर्केलान यांची युक्ती. बिर्केलान हे उत्तरेच्या ध्रुवीय प्रकाशाचे अभ्यासक. १९११ साली तिथलं वेमोर्क वीजकेंद्र सुरू झालं, त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं. म्हणजे बघा, वीज एवढी मोठी आणि कामगारांच्या दारात सहा महिने ऊन नाही! १९१३ साली गावातल्या एका हिशेबनिसाने कल्पना मांडली, की डोंगरावर आरसा बसवून ऊन खाली आणावं. ते तेव्हा जमण्यासारखं नव्हतं. १९२८ साली कंपनीने वर जाणारा रज्जुमार्ग बांधला, लोकांना हिवाळ्यात उन्हात जाता यावं म्हणून. आणि शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, मार्टिन अँडरसन या कलावंताच्या पुढाकाराने डोंगरावर तीन मोठे आरसे बसले. संगणकाच्या मदतीने ते सूर्याबरोबर वळतात आणि गावच्या चौकात ऊन पाडतात. सगळ्या गावावर नव्हे, फक्त चौकात. पैसे वाया जातात म्हणून गावातल्या अनेकांनी आधी विरोधही केला होता. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: ते ऊन कोणाच्या अंगणात पाडलं नाही, चौकात पाडलं. ज्याला हवं त्याने यावं आणि ऊन खावं.

इथे डायोजेनिसची गोष्ट आठवते. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती दर वर्षी निघायची. सिकंदर त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, हवं ते माग. डायोजेनिस म्हणाला, माझ्या उन्हातून बाजूला हो. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. पण तिच्यात दुसरंही सत्य आहे. ऊन देणं सम्राटाच्याही हातात नाही; अडवणं मात्र आहे.

हे अडवणं कधी नकळत होतं. १९४० पासून ब्रिटनमध्ये मार्गारीनमध्ये ड जीवनसत्त्व घालणं सक्तीचं होतं, आणि युद्धकाळात सरकार मुलांना कॉडलिव्हर तेल पुरवत असे. म्हणजे उन्हाची तूट समाजाने भरून काढली. आईबापांना कोणी ‘मन खंबीर ठेवा’ म्हटलं नाही. पुढे १९६२ साली ग्लासगोतल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस पुन्हा आढळला; मग इतर शहरांतल्या भारतीय कुटुंबांतही. ही मंडळी मार्गारीन खात नव्हती, चपाती खात होती. चपातीच्या पिठात ड जीवनसत्त्व घालावं, अशी सूचना डॉक्टरांनी केली. ती मान्य झाली नाही. १९८१ साली सरकारने मुडदुसाविरुद्ध मोहीम काढली, तिचा भर आशियाई लोकांनी आपलं खाणं आणि राहणी बदलावी यावर होता. तूट तीच, हिवाळा तोच. एकाच्या वेळी उपाय समाजाने केला, दुसऱ्याच्या वेळी सवयींना दोष दिला.

मनाचीही तीच कथा. नॉर्मन रोझेन्थाल हे जोहान्सबर्गमधले डॉक्टर. भरपूर उन्हाच्या मुलखातून १९७६ साली न्यूयॉर्कला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात आपलं मन मंदावतं, असं त्यांना जाणवलं. १९८४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीनतेचं वर्णन करून तिला आजार म्हणून नाव दिलं आणि तेजस्वी दिव्याचा उपचार सुचवला. तोपर्यंत ज्याला आळस म्हणत, त्याला डॉक्टरकडे जाण्याचा हक्क मिळाला. हे छोटं काम नाही.

तुम्ही विचाराल, मग खंबीर मनाला काहीच किंमत नाही का? आहे. २०२० साली कारी लीबोविट्झ आणि योआर विट्टेर्सो यांनी नॉर्वेतल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की जितकं उत्तरेला जावं तितकी हिवाळ्याकडे पाहण्याची वृत्ती अधिक अनुकूल होती. पण ही वृत्ती एकट्याच्या निर्धाराने येत नाही. ट्रॉम्सोत बर्फावर घसरत जाण्याच्या वाटांवर दिवे आहेत. खिडक्याखिडक्यांत दिवे असतात. २१ जानेवारीच्या सुमारास सूर्य परत दिसला, की गावभर गोड पाव खातात. संक्रांतीचा तिळगूळच म्हणा. वृत्तीच्या पाठीशी गाव उभं असतं.

जाता जाता मुंबई. इथे उन्हाला तोटा नाही, दिवस कधी फार लहान होत नाही. तरी १८९६ च्या प्लेगनंतर लक्षात आलं, की हजारो माणसं अशा खोल्यांत राहतात जिथे भर दुपारी दिवा लागतो. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. साध्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मं तरी मोकळं अंतर मध्ये असावं, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळ दिसेल. आज एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर जाऊन उभे राहा आणि तो कोन मोजा. हिवाळा ट्रॉम्सोचाच असावा लागतो, असं नाही.

तेव्हा फोनवर काय सांगायचं? ‘सवय होईल’ म्हणण्याआधी विचारावं: बाळा, तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे? दुपारी अर्धा तास बाहेर पडू देतात का कामावरून? डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाचं विचारलंस का? आणि संध्याकाळी, दिवा लागल्यावर, तुझ्याजवळ बसायला कोण असतं? यातलं शेवटचं उत्तर ‘कोणी नाही’ असं आलं, तर फोन लवकर ठेवू नये.